टोमॅटोच्या बियांतलं तेल

आमच्या घरी टोमॅटो चिरला की आई त्यातली एक बी बोटावर घेऊन उजेडात धरते. सोनार खडा पारखतो ना, अगदी तशी, एक डोळा मिटून. बाबा म्हणतात, निदान सुट्टीच्या दिवशी तरी कारखाना घरी आणत जाऊ नकोस. पण ती ऐकेल तर ना.

आई सॉसच्या कारखान्यात कामाला आहे, आणि तिची जागा चाळणीपाशी. चाळणी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली नाही, ट्रकएवढी लांब, सतत थरथरणारी. तिच्यातून टोमॅटोचा रस एकीकडे जातो, सालं आणि बिया दुसरीकडे. रसाचं नशीब जोरावर असतं. तो शिजतो, बाटलीत बसतो, त्याला हसऱ्या टोमॅटोचं लेबल लागतं. सालं-बिया मागच्या दाराने ढिगावर जातात. आई त्या मागच्या दाराची राखणदार.

आणि तिथेच तिला तो तवंग दिसला. चाळणीखालची पन्हळ गरम पाण्याने धुतली की पाण्यावर एक पातळशी नारिंगी चमक यायची. ती म्हणाली, या बियांत तेल आहे. बाकीचे म्हणाले, बाई, तुझ्या डोळ्यांत तेल आहे. तेव्हापासून ती कारखान्यात तेलवाली. फाटकावरचा रखवालदारसुद्धा विचारायचा, तेलवाल्या बाई, आज किती डबे निघाले? आई त्यांच्याबरोबर हसायची, आणि घरी येऊन कढईचा तळ असा घासायची की कढईलाच दया यावी.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत बियांमधून तेल काढते. घाण्याशिवाय. दाबत नाही, भरडत नाही, उकळत नाही. गॅसने काढते. बाबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, गॅसवर तेल तापवतात एवढं माहीत होतं. मावशी म्हणाली, भाऊजी, हा तो गॅस नव्हे, हा तुमच्या सोड्याच्या बाटलीतला. बाबांनी जी ढेकर दिली ती मी इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात कारखान्यात ठरलं की ढीग आता कायमचा पशुखाद्यवाल्याला द्यायचा. वर्षानुवर्षांचा करार. आई न बोलावता साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या हातात गाडीची किल्ली सतत फिरत असते, त्यामुळे आपण बोलायला लागलो की आपलीच जीभ घाईला येते. आई म्हणाली, करारावर सही करण्याआधी एकदा माझ्या बहिणीच्या यंत्रात या बिया घालून बघू द्या. साहेबांनी किल्ली दोनदा फिरवली आणि कबूल झाले. सहीच्या दिवशी दुपारी ते स्वतः बघायला येणार. दाखवण्याजोगं तेल निघालं, तर सही थांबेल, बियांसाठी छोटा विभाग निघेल आणि तो आई बघेल. नाही निघालं, तर ढीग पशुखाद्यवाल्याचा, आणि आईने कारखान्यात पुन्हा तेलाचं नाव काढायचं नाही.

हे तिने आम्हाला अगदी सहज सांगितलं, दूधवाला उद्या येणार नाही म्हणून सांगावं तसं. फक्त बाहेरच्या दाराला किल्ली तशीच लटकत राहिली होती. ती शेजारच्या काकूंनी आणून दिली.

मी लगेच जाहीर केलं की मीही येणार. विचारलं नाही, जाहीर केलं. सध्या माझं असंच चाललंय. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा ओठांतल्या ओठांत ‘हजर’ म्हणायची. मग विज्ञानाच्या बाईंनी, दुसऱ्या मुलीचा घसा बसला म्हणून, मला भरल्या सभागृहात चुंबकाचा प्रयोग समजावायला उभं केलं. तेव्हा तोंड सुटलं ते सुटलंच. आई म्हणते, कुणी तरी येऊन ते परत बंद करा. घरात माझं नावच टकळी पडलंय. मला आवडतं ते.

बियांची तयारी आईने कुणाला करू दिली नाही. मावशीने फोनवर सांगितलं होतं की वाळवून, दळून आण, ओल अजिबात राहू देऊ नकोस, पाणी राहिलं तर पुढे नळीत बर्फ होऊन बसतो. आईने गच्चीवर चादर अंथरली, बिया-सालं उन्हात अशी खडखडीत वाळवली की वारा आला की वाजायची. मग हाताने चोळून, पाखडून बिया वेगळ्या केल्या. सालं एका पिशवीत गेली, कुंड्यांत घालायला. बिया तिने मिक्सरमधून काढल्या, चाळल्या, पुन्हा काढल्या, आणि शेवटी जुन्या ओढणीतून गाळल्या. वस्त्रगाळ. चिमटीत घेतलं तर बोटांना कळू नये की काही धरलंय. साहेब येणार म्हणून ओढणीसुद्धा धुतलेली होती.

प्रयोगशाळा म्हणजे मला काचेची नळकांडी आणि रंगीत पाणी वाटलं होतं. ती निघाली एक लांबट खोली, वर मोठे पंखे, भिंतीवर एक पेटी, जी हवेत हा वायू वाढला की ओरडते. आणि मधोमध यंत्र. कोपऱ्यात वायूच्या टाक्या, तिथून नळी एका थंडगार पेटीत, तिथे वायूचं पाणी होतं. म्हणजे पाणी नाही, द्रव. मग पंप, मग तापवणारी नळी, आणि मग ते भांडं. दुधाच्या कॅनसारखं उभं, पण पोलादाची जाडी माझ्या तळहाताएवढी, आणि झाकण फिरवून बसवायला दोन्ही हात लावावे लागतात. मावशीने मला ते झाकण दाखवून आईला म्हटलं, ताई, टकळीसाठी हे घेऊन जा, मापाचं आहे.

मी विचारलं, एवढं जाड कशाला? मावशी म्हणाली, समुद्रात तीन किलोमीटर खोल गेलीस तर पाणी तुला जेवढं दाबेल, तेवढा दाब याच्या आत असतो. मी त्या भांड्यावर हात ठेवला होता, तो हळूच काढून घेतला. म्हणजे या खोलीत, टेबल आणि झाडूच्या मधे, एक समुद्राचा तळ उभा होता. गुपचूप.

“इकडे ये,” मावशी म्हणाली. “आधी हे बघ.”

भिंतीजवळ एक वेगळी छोटी पोलादी पेटी होती, तिला समोरासमोर दोन गोल खिडक्या, मागे दिवा. खिडक्यांची काच काच नव्हतीच, नीलम होता. माणसाने बनवलेला, बिनरंगाचा, कारण साध्या काचेचा तिथे निभाव लागत नाही. मी डोळा लावला. आत तोच कार्बन डायऑक्साइड होता, जो मी आत्ता हे लिहितानासुद्धा नाकाने बाहेर सोडतेय. खाली द्रव, वर वायू, आणि दोघांच्या मधे एक रेघ. ग्लासात पाण्याची असते तशी. मावशीने टिचकी मारली तर ती रेघ हलली.

मग तिने पेटी तापवायला लावली. फार नाही. एकतीस अंश. म्हणजे माझ्या अंगापेक्षाही थंड. मी बघत राहिले. रेघ आधी चपटी झाली. मग पातळ. मग अशी झाली की आहे असं वाटावं आणि खात्री नसावी. डोळ्यांत पाणी आलंय की काय म्हणून मी पापण्या मिटल्या, उघडल्या.

रेघ नव्हती.

काही उकळलं नाही, काही उडून गेलं नाही. काही घडलंच नाही, आणि रेघ नव्हती. सगळी खिडकी वरपासून खालपर्यंत एकच झाली होती. मी विचारलं, आता हे पाणी आहे की हवा? मावशी म्हणाली, दोन्ही नाही. शाळेत मी पदार्थाच्या अवस्था घडाघडा सांगितल्या होत्या, पैकीच्या पैकी मार्क होते मला, आणि इथे एका नीलमाच्या खिडकीमागे कुणीतरी शांतपणे त्या यादीतून बाहेर पडून उभं होतं.

मावशीने सांगितलं की याला अतिक्रांतिक म्हणतात, आणि याचा स्वभाव मोठा गमतीचा. तेल विरघळवून घेतो ते द्रवासारखं. पण शिरतो वायूसारखा, बीच्या अगदी आतल्या घरात, जिथे कुठलंच पाणी पोचत नाही. आणि मग पुढच्या नळीत दाब सोडला की तो परत साधा वायू होतो, तेल हातातून टाकून देतो आणि निघून जातो. मागे वास नाही, डाग नाही. मी म्हटलं, म्हणजे चांगला पाहुणा. मावशी म्हणाली, तुझ्या बाबांच्या उलट.

आम्ही दोघी खिडकीला चिकटलेल्या असताना आई मागे कामाला लागली होती. जाळीच्या तळाची एक उंच टोपली असते, तिच्यात पूड भरून ती पोलादी भांड्यात सोडतात. आईला रिकामं उभं राहता येत नाही. तिने टोपली भरून ठेवली. नुसती भरली नाही, आमच्या घरचे डबे भरते तशी भरली, थोडं घालायचं, ठोकायचं, दाबायचं, पुन्हा थोडं. कण वाया गेला नाही. वरची जाळी लावूनच तिने ती मावशीच्या हातात दिली. मावशीने जाळी बंद बघितली, वजन बघितलं, टोपली आत सोडली आणि झाकण फिरवलं.

साहेब आले तेव्हा पंप सुरू झाला होता. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि किल्ली फिरवत काचेच्या बाटलीसमोर उभे राहिले. तेल तिथे यायचं होतं. बाटलीच्या तोंडाशी नळी, नळीतून वायूचा सुस्कारा, नळीवर बाहेरून पांढरा हिमकणांचा थर. बाटली रिकामी.

आम्ही वाट बघितली. सुस्कारा चालू होता. नळीच्या टोकाशी काहीतरी ओलसर चमकलं आणि तिथेच राहिलं. आई डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि बहुतेक तेवढंच तेल त्या खोलीत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. मग फार सभ्यपणे म्हणाले की तिकडे कागद तयार आहेत, माणसं खोळंबलीत, आणि प्रयत्न केलात हे चांगलंच झालं. आई मान हलवत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की रखवालदाराचा उद्याचा प्रश्न तिला आजच ऐकू येत असावा.

मावशी मात्र काट्यांकडे बघत होती. दाब बरोबर. उष्णता बरोबर. वायू जातोय तेवढाच बाहेर येतोय.

“साहेब, थोडं थांबा,” ती म्हणाली. “हा आत जाऊन रिकाम्या हाताने परत येतोय. म्हणजे आत त्याला कुणी भेटतच नाहीये.”

भांडं असं पटकन उघडता येत नाही. आधी तो समुद्र हळूहळू रिकामा करावा लागतो. शेवटी टोपली बाहेर आली, मावशीने ती उलटी केली आणि आतून पूड सांडलीच नाही. अख्खा ठोकळा बाहेर आला, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. आणि त्याच्या एका कडेने, खालून वरपर्यंत, उंदराने कोरावं तसं एक भोक. वायूला सगळीकडे भिंतच लागली, म्हणून त्याने एक गल्ली पाडली आणि सगळाच्या सगळा तिथूनच निघून गेला. बाकीच्या बियांना कुणी आलंय हे कळलंसुद्धा नाही.

मावशीने पूड चिमटीत घेतली आणि आईकडे बघितलं.

“मी वस्त्रगाळ केली होती,” आई म्हणाली. इतक्या हळू, की मागच्या वर्षीची मी ‘हजर’ म्हणतेय असं वाटलं.

मावशीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. ताई, जाडसर हवी होती गं, हे मी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं हे काय सांगायचं. तिच्याकडे बारीक काचेचे मणी असतात, असं काही घट्ट बसलं की त्यात मिसळायला, म्हणजे मधे मधे वाटा राहतात. पण मणी दुसऱ्या शहरातल्या यंत्रासाठी गेले होते. ती खोलीभर बघायला लागली, कोरडं, खडबडीत असं काहीतरी, जे तेलात लुडबूड करणार नाही. झाडू बघून झाला. कागद बघून झाला. तेल गेलं, तूप गेलं, असं साहेब पुटपुटले, आणि पुढचं धुपाटणं सभ्यपणे गिळून टाकलं.

माझ्या डोक्यात मात्र गच्चीवरची चादर वाजत होती. वारा आला की वाजायची ती.

“सालं चालतील?” मी विचारलं. “आपल्या स्कूटरच्या डिकीत आहेत.”

आई म्हणाली की गप, तो कचरा आहे, कुंड्यांसाठी ठेवलाय, विसरले काढायला. मावशीने फक्त एवढंच विचारलं, वाळलेली? आई जरा रागावूनच म्हणाली, खडखडीत. तिच्या वाळवण्यावर कुणी शंका घेतलेली तिला चालत नाही, जगबुडी आली तरी. मी तोवर पायऱ्यांवर होते.

पिशवी आली. लाल, वेड्यावाकड्या, कुरकुरीत पापुद्र्यांची. आईने ठोकळा फोडला, हाताने मोकळा केला, त्यात सालं मिसळली. मावशी बाजूला उभी राहून सांगत होती, दाबू नकोस, ठोकू नकोस, नुसतं पडू दे. आईच्या हातांना ते केवढं जड जात होतं ते मला दिसत होतं. तिची बोटं दाबायला खाली जायची आणि अर्ध्या वाटेवरून परत यायची.

पुन्हा दाब चढायला वेळ लागणार होता आणि साहेब दाराकडे सरकले होते. मग मी जे केलं ते मागच्या वर्षी मेले असते तरी केलं नसतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही कधी पाणीही नाही आणि हवाही नाही असं काही बघितलंय? ते म्हणाले, आमच्या कँटीनचा चहा. मी म्हटलं, मग इकडे या. मावशीने पेटी पुन्हा थंड करून ठेवली होती, रेघ परत आली होती. मी त्यांना खिडकीपाशी नेलं, रेघ दाखवली, तापवायचं बटण दाबलं आणि सांगितलं की पापणी मिटू नका. उंच माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून, लहान मुलासारखा वाकून बघत राहिला.

रेघ गेली आणि ते म्हणाले, “अरेच्चा.” आणि टेबलावर किल्ली ठेवली. त्यांच्या हातात किल्ली नसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात नळीचा आवाज बदलला. सुस्कारा होता, तो जरा जाडसर झाला, घशात काही असल्यासारखा. आई बाटलीसमोर उभी होती. नळीच्या टोकाशी धुकं आलं, धुक्यातून फेस, आणि फेसातून एक थेंब सुटून काचेवरून खाली घसरला.

तो लाल होता.

मावशी स्वतःच दचकली. बियांचं तेल पिवळं असतं, ती पिवळ्याचीच वाट बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की वायूने वाटेत सालांचंही दार वाजवलं होतं. टोमॅटोचा सगळा रंग सालात असतो, तो वाळूनही तिथेच बसून होता, आणि आता तेलाबरोबर बाहेर आला होता. थेंबामागून थेंब, मग धार, अगदी बारीक, सुईत ओवता येईल अशी. दिव्यासमोर बाटली धरली तर आईच्या तोंडावर नारिंगी उजेड पडला. वास टोमॅटोच्या सॉसचा नव्हता. झाडाचं पान चुरगाळलं की येतो तो, हिरवा.

मला त्या ढिगाची आठवण झाली. मागच्या दाराबाहेर, माश्या घोंघावतात तो. आम्ही नाक धरून त्याच्या बाजूने गेलोय. आणि त्या प्रत्येक दाण्यात, तिळाएवढ्या जागेत, हे होतं. दिवा लावून. बाहेर कुणी बघत नसताना.

साहेबांनी एक थेंब बोटावर घेतला, मग पांढऱ्या रुमालावर टेकवला.

“बाई, हे आपल्या ढिगातलं?”

“मागच्या दारातलं,” आई म्हणाली.

त्यांनी बाहेर जाऊन फोन केला. आम्हाला अर्धंच ऐकू आलं, पण ‘सही नको’ एवढं आलं. परत येऊन ते आईला म्हणाले की उद्या सकाळी माझ्या खोलीत या, काय काय लागेल ते ठरवून या, आणि तुमच्या बहिणीलाही विचारून ठेवा. मग निघून गेले. मग परत आले. किल्ली टेबलावर राहिली होती.

ते गेल्यावर आईने बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली, कडेपासून लांब, आणि खुर्चीत बसली. मावशी म्हणाली, तेलवाल्या बाई, किती डबे? आई हसली, आणि तिला बाटलीकडे बघवेना म्हणून की काय, ती उठून नीलमाच्या खिडकीपाशी गेली. तिने ती अजून बघितलीच नव्हती.

मावशीने पेटी थंड करायला लावली होती. मी आईच्या गालाला गाल लावून उरलेल्या अर्ध्या खिडकीतून बघत होते. आधी आत काही नव्हतं, नुसता उजेड. मग कुठूनसं धुकं आलं. सगळ्या खिडकीभर एकदम, दाट, दिव्यासमोर तपकिरी-सोनेरी. त्या धुक्यात बारीक थेंबांची झड लागली, पोलादाच्या आत, हाताच्या पंजाएवढ्या आभाळात. आणि झड ओसरली तेव्हा मधोमध रेघ होती. जशीच्या तशी. खाली द्रव, वर वायू.

आईचा श्वास मला ऐकू येत होता. रोज एक गोष्ट इकडे आणि एक तिकडे करणारी बाई ती. किती तरी वेळ तिने त्या रेघेवरून डोळा हलवला नाही.

“मग मघाशी ही कुठे गेली होती?” तिने विचारलं. “सांग ना टकळे. तुला सगळं येतं.”

मी तोंड उघडलं. बाईंचं वाक्य होतं, पुस्तकातलं वाक्य होतं, मावशीचं मघाचं होतं. सगळी रांगेत उभी होती, आणि एकही त्या खिडकीच्या मापाचं नव्हतं.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं.

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“परत तापव,” आई म्हणाली.